तीन वर्षांच्या मारवाडी बछेरीला लगाम कुठला घालायचा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी बछेरी आणली, व्यापाऱ्याने वय सांगितलं तीन वर्षं, उंची ५९ इंच. सोबत त्यानेच दिलेला काटेरी लगाम. पाठीवर बसलं की मान वर फेकते, तोंड उघडून पळत सुटते आणि डावीकडे वळतच नाही. गावातले म्हणतात अजून कडक कडियाळं (तोंडातलं लोखंड) घाल, दुसरा म्हणतो जेरबंद, म्हणजे मान खाली धरणारा पट्टा बांध, मोबाईलवर व्हिडिओ बघावेत तर तिथे सगळे बिटलेस बिटलेस, म्हणजे तोंडात लोखंडच नको असं करतायत, तर नक्की काय विकत घेऊ?

दादा, आज काहीच विकत घेऊ नका. लगामाचा शोध नंतर, आधी तो काटेरी लगाम तोंडातून काढून ठेवा आणि निदान दोन आठवडे तिच्या तोंडात लोखंड जाऊ देऊ नका. हे मी मायेपोटी सांगतोय असं समजू नका, त्याचं कारण पुढे येईलच, पण कायदाही माहीत असू द्या. काटे किंवा टोकं असलेला लगाम जनावराला घालणं आपल्याकडे १९६५ सालच्या नियमांपासूनच बंद आहे, ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांचे ते नियम, त्यातला नियम ८, आणि त्यात हाकायला आणि बसायला दोन्ही आलं. तरी बाजारात खोगिराच्या दुकानात उघड्यावर टांगलेले असतात, ती गोष्ट वेगळी.

मी या धंद्यात पंचवीस-सव्वीस वर्षं आहे, सुरुवात एका म्हाताऱ्या चाबूकस्वाराकडे, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याकडे, मोतद्दारी करत झाली, नंतर रायडिंग स्कूलमध्ये शिकवलं, आता स्वतःचा छोटा तबेला आहे आणि लोक "तोंड बिघडलेले" घोडे आणून सोडतात. त्यातल्या बहुतेकांचं तोंड बिघडलेलं नसतं हो, दुखत असतं. इथंच घोडं पेंड खातं. घोडा ओढतो म्हणून आपण कडक लगाम घालतो, त्याने जास्त दुखतं, दुखतं म्हणून तो जास्त पळतो, कारण दुखण्यापासून पळायचं एवढंच घोड्याला येतं, बैलासारखा तो उभा राहून सहन करत नाही. मग अजून कडक. असं करत करत माणूस काटेरीवर पोचतो आणि त्याच्यापुढे दुकानात काही मिळत नाही.

आता तोंड बघा. दिवसाउजेडी, बछेरी शांत असताना, मोरखी घालून, कुणीतरी धरून. तिच्या डाव्या बाजूला उभे राहा, उजवा हात नाकाच्या हाडावर हलका, डाव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून आत घाला. तिथे दात नसतात, पुढचे चावायचे दात संपले की मागच्या दाढा सुरू होईपर्यंत चार बोटांची मोकळी हिरडी असते, लगाम बसतो तो याच जागेवर आणि जिभेवर. अंगठ्याने त्या हिरडीची कड चाचपा. निरोगी असेल तर गुळगुळीत आणि जरा धारदार लागते, कातडीखाली थेट हाड आहे हे कळतं, नडगीसारखं. काटेरी लगाम घातलेल्या घोड्यात तिथे खडबडीत गाठ लागते किंवा दाबल्यावर घोडा झटकन मान काढून घेतो. मग जीभ बघा, बाजूने, आडवी पांढरट रेघ दिसली तर ती जुन्या जखमेची आहे. ओठांचे कोपरे बघा, गुलाबी चिरा किंवा केस गेलेली, रंग उडालेली कातडी. यातलं काहीही दिसलं तर दोन आठवडे नाही, पूर्ण भरेपर्यंत थांबा.

दातांवरून वयही कळेल, व्यापाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या आसपास बदलते, त्याच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला, पाच वर्षांना तोंड पूर्ण होतं. दुधाचे दात लहान, पांढरे, मुळाशी बारीक असतात, पक्के मोठे आणि पिवळसर. म्हणजे फक्त मधले दोनच पक्के असतील तर ती तीनच्या आसपास, दोन्ही जोड्या पक्क्या तर साडेतीन-चार, आणि सगळे दुधाचेच असतील तर तुम्हाला अडीच वर्षांचीसुद्धा नसलेली पोर विकलीय आणि तिच्यावर आत्ता बसायचंच नाही. माझ्याकडे बाजारातून आलेल्या "तीन वर्षांच्या" घोड्यांत हे निघालेलं आहे, एकदा नाही बऱ्याचदा.

पण पुढचे दात नुसते वयासाठी. भानगड मागे असते. अडीच ते चार या काळात दुधाच्या बारा दाढा टप्प्याटप्प्याने पडतात, नवीन दाढ खालून वर येते आणि जुनीचं टोपण वर हलत राहतं, आपल्या लेकराचा दात हलायला लागला की ते भाकरीचा तुकडा त्या बाजूने चावत नाही ना, तसंच. त्या दिवसांत लगाम दाढेला जरा लागला तरी घोडा मान वाकडी करतो. आणि दुसरं म्हणजे वुल्फ टूथ. पहिल्या दाढेच्या अगदी पुढे, बहुतेक वरच्या बाजूला, गव्हाच्या किंवा मक्याच्या दाण्याएवढा एक निरुपयोगी दात काही घोड्यांना असतो, कधी दोन्ही बाजूंना कधी एकाच, कधी तर हिरडीच्या खालीच दडलेला असतो आणि वरून नुसती गाठ लागते. लगाम मागे ओढला की तिथे मऊ कातडी आणि दात यांच्यात चिमटा बसतो. तुमची बछेरी फक्त डावीकडे वळत नाही म्हणालात तेव्हा माझ्या डोक्यात पहिली शंका हीच आली. वळायचा हट्ट असता तर दोन्हीकडे कमीजास्त दिसला असता.

हे काम घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचं आहे, तोंड उघडायचा जबडा लावून, गुंगीचं इंजेक्शन देऊन, टॉर्च मारून. छन्नी-हातोडी घेऊन "एका मिनिटात पाडतो" म्हणणाऱ्याला गोठ्याच्या आत घेऊ नका, अर्धा दात आत तुटून राहतो आणि मग आयुष्यभराचं दुखणं. दात काढला की जखम भरायला साधारण दोन आठवडे लगाम बंद, डॉक्टर जास्त म्हणाले तर जास्त.

माझीच एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एक चार वर्षांचा काठेवाडी घोडा होता माझ्याकडे, तोंड उघडून पळायचा. मला वाटलं तोंड उघडू दिलं नाही की काम झालं, म्हणून नोजबँड, म्हणजे नाकावरचा पट्टा, दोन भोकं अजून आवळला, वरून लांब दांड्यांचं साखळीवालं कडियाळं. तीन दिवस गप्प चालला, मी सगळ्यांना सांगत सुटलो बघा कसा सरळ केला. चौथ्या दिवशी मागच्या पायांवर उभा राहिला तो थेट मागे पडला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, खोगिराचा सांगाडा मोडला, घोडा नशिबाने वाचला. मग डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारून दाखवलं, वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा पात्यासारख्या धारदार झालेल्या आणि नोजबँड आवळून मी त्याचे गाल आतून त्याच पात्यांवर दाबत होतो. दोन्ही गालांना आतून जखमा. दाढा कानशीने घासल्या, दीड महिना सोडून दिला आणि तोच घोडा नंतर साध्या स्नॅफलमध्ये, म्हणजे दांड्या-साखळी नसलेल्या लगामात चालला. हे आठवलं की आजही खांद्यात कळ येते.

तर नोजबँडचं इथेच सांगून टाकतो. नाकाच्या हाडावर, समोरून, पट्ट्याखाली दोन बोटं आरामात सरकली पाहिजेत, बाजूने मऊ मांसात नाही, समोर हाडावर. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हे मोजायचं मापच आलंय, २०२५ पासून एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) स्पर्धांत दीड सेंटीमीटरचं ते साधन पट्ट्याखालून गेलंच पाहिजे. तुमच्या बछेरीला तर सध्या नोजबँडची गरजच नाही, बिनधास्त काढून ठेवा. तोंड उघडत असेल तर उघडू दे, ती तुम्हाला काहीतरी सांगतीय आणि आपण पट्टा बांधून तिला गप्प केलं तर कळणार कसं?

आता बिटलेसवाल्यांचं. त्यांचं निम्मं बरोबर आहे. लहान घोड्याला सुरुवात नाकावरच करावी असं मीही म्हणतो आणि ते काही परदेशातून आलेलं नाही, आमचा म्हातारा चाबूकस्वार बछेऱ्याला महिना-महिना नुसत्या मोरखीवर आणि लांब दोरांवर हिंडवायचा, तोंडात लोखंड नंतर. पण बिटलेस म्हणजे आपोआप मायाळू असं नाही. लांब दांड्यांचा हॅकमोर, म्हणजे नाकावर दाब देणारा बिटलेस, नाकाच्या खाली, जिथे हाड संपून कुर्चा सुरू होते तिथे बसला आणि हात जड असला तर तो लगामापेक्षा वाईट. मला विचाराल तर तुम्ही जाड, आतून मऊ गादी असलेली लंजिंगची (दोरावर गोल फिरवायची) कॅव्हेसन, म्हणजे नाकपट्ट्याची मोरखी घ्या किंवा साधा साईडपुल घ्या, ज्यात रास, म्हणजे हातात धरायचा पट्टा, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना लागते, दांड्या नाहीत, साखळी नाही. पट्टा गालाच्या हाडाच्या दोन बोटं खाली बसवा.

एक गोष्ट मारवाडीवाले हमखास विसरतात, कान. आतल्या बाजूला वळलेले, टोकाला टोक भिडणारे कान, त्यांना बाजारातला तयार ब्राऊबँड, म्हणजे कपाळावरचा पट्टा, जवळजवळ नेहमीच तोकडा पडतो, मग डोक्यावरचा पट्टा पुढे ओढला जाऊन कानाच्या मुळाला कापतो. घोडा मान फेकतो, आपण लगामाला दोष देतो. वर त्या पट्ट्यावर गोंडे, घुंगरं, आरसे. ब्राऊबँडखाली सगळीकडे एक बोट फिरलं पाहिजे आणि कानाच्या मागे हात घालून बघायचं, कातडं कोरडं कडक झालं असेल तर तेल लावून मऊ करायचं. सजावट वरातीला ठेवा, ट्रेनिंगला साधं कातडं.

मग लगाम. दोन-तीन आठवडे नाकावर जमिनीवरचं काम नीट झालं, दात तपासून झाले, जखमा नाहीत, तेव्हा.

माप आधी घ्या. झाडूची स्वच्छ काडी किंवा लाकडी पेन्सिल चालणार नाही, चावली तर तुकडे होतात, त्यापेक्षा सुती दोरी घ्या, एका टोकाला गाठ मारा, गाठ एका बाजूच्या ओठाला टेकवा, दोरी जिथे लगाम बसतो तिथून तोंडातून आरपार, दुसऱ्या बाजूला ओठाजवळ चिमटीत धरा आणि पट्टीवर मोजा. दोरी ताणायची पण ओठ आत दाबले जातील इतकी नाही. ५९ इंची मारवाडी मादीचं तोंड अरुंद असतं, मला पावणेपाच इंच, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर, असं काहीतरी यायची अपेक्षा आहे, पण माझ्या अपेक्षेवर लगाम मागवू नका, दोरीवर मागवा. दुकानात सगळ्या लोकांना सरसकट पाच इंची किंवा सव्वापाच इंची विकतात. मोठा लगाम तोंडात इकडेतिकडे सरकतो आणि मधला सांधा एका बाजूला जातो, लहान असेल तर गाल चिमटतो. कडी घट्ट जोडलेली असतील तर मापाएवढाच चालतो, कडी सैल फिरणारी असतील तर प्रत्येक बाजूला पाच-सहा मिलिमीटर जागा हवी.

जाडी. जाड लगाम म्हणजे मऊ लगाम, हे ऐकून ऐकून माझे कान किटले. कागदावर बरोबर आहे, जाड लोखंडाचा दाब जास्त जागेवर पसरतो. पण तोंडात रिकामी जागा असते कुठे? जीभच तोंड भरून असते. अरुंद तोंडाच्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला २० मिलिमीटरचा पोकळ जाड लगाम घातला की त्याला तोंड मिटता येत नाही, जीभ मागे घेतो, मग लोक म्हणतात जीभ वर काढायची सवय लागली. ओठाच्या कोपऱ्यापासून थोडं आत, कडेला मोजलेली १४ मिलिमीटर जाडी बहुतेक अशा घोड्यांना बरी पडते, फार तर १६. दहा-अकराची तार नको, पिळाची तर नकोच नको.

आकार. एका सांध्याचा साधा स्नॅफल सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, वाईट नाही, पण दोन्ही रास एकदम ओढल्या की तो मधे दुमडतो, अडकित्त्यासारखा, जीभ चेपते आणि टाळू बसका असेल तर सांध्याचं टोक वर टोचतं. त्यापेक्षा मधे गोल मण्यासारखा किंवा गुळगुळीत घाट्याएवढा तुकडा असलेला, दोन सांध्यांचा घ्या. फक्त मधला तुकडा चपटा, तिरका बसणारा नको, तो दिसायला तसाच असतो पण त्याची कड जिभेत रुतते, नाव डॉक्टर ब्रिस्टल, दुकानदारालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो, त्यामुळे हातात घेऊन बोटावर दाबून बघा.

बाजूच्या कड्यांत तुमच्या बछेरीला मी फुल चीक सुचवेन, दोन्ही बाजूंना वर-खाली दांडी असलेला. ही दांडी ताकद वाढवायची नाही, साखळीवाल्या कडियाळ्याची दांडी वेगळी, हिचा उपयोग एवढाच की एका बाजूची रास उघडून धरली की दुसऱ्या बाजूची दांडी गालाला हलकी टेकते आणि घोड्याला वळायचं कुठे ते कळतं. डावीकडे अडणाऱ्या नवख्या घोड्याला ही फार मोठी मदत आहे. वरच्या दांडीला कातडी लूप लावून ब्रायडलला, म्हणजे डोक्यावरच्या पट्ट्यांना अडकवा, नाहीतर दांडी तारेत, पिंजऱ्यात, तुमच्या शर्टात, कशातही अडकते. फुल चीक नाही मिळाला तर अंड्याच्या आकाराच्या घट्ट कड्यांचा, एगबट, तोही चांगला, तोंडात स्थिर राहतो, ओठ चिमटत नाही. सैल कड्यांचा जरा पुढच्या टप्प्यावर.

धातू साधं स्टेनलेस स्टील. तांबं किंवा गंज धरणारं गोड लोखंड घोड्याला चवीला आवडतं, लाळ सुटते, पैसे असतील तर घ्या, नसतील तर अडत नाही. निकेलचा मुलामा असलेला मात्र बिलकुल नको. तो सहा महिन्यांत पापुद्रे सोडतो आणि त्या पापुद्र्यांची धार ब्लेडसारखी. कानपूरचं खोगीरकाम नावाजलेलं, माल परदेशी जातो, पण तिथलंच म्हणून विकलं जाणारं बाजारात काय काय येतं ते हातात घेऊन, सांध्यात नख फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही. नख अडकलं तर जीभही अडकेल. रबर चढवलेला घेताना एवढंच की कोरड्या तोंडात रबर घासतं आणि तरुण घोडा ते चावून तुकडे करतो, मग आतली तार उघडी.

साखळीवालं, दांड्यांचं कडियाळं का नको तेही सांगतो, कारण गावातले तुम्हाला तेच आणायला लावणार. वरची दांडी ५ सेंटीमीटर आणि खालची १० असली तर तरफेच्या हिशेबाने तुमच्या हातातली एक किलोची ओढ तोंडाजवळ जवळपास तिप्पट होते, शिवाय हनुवटीखाली साखळी आवळते आणि डोक्यावरचा पट्टा खाली ओढला जातो. ज्याचा हात स्थिर आहे आणि ज्याचा घोडा पाच-सहा वर्षांचा, साध्या लगामात पूर्ण शिकलेला आहे, त्याने त्यात बारीक इशारा द्यायचा, रेवाल चालीचे (मारवाडीची ती बिनहिसक्याची चाल) जुने जाणकार स्वार करंगळीने देतात तसा. तीन वर्षांच्या पोरीला त्याने थांबवायला जाल तर ती मागे पडेल किंवा हनुवटी छातीला चिकटवून पळेल, आणि छातीला हनुवटी लावून पळणारा घोडा थांबवायला कुठलाच लगाम नाही.

जेरबंदाबद्दल. पेपरात बिबट्या जेरबंद असतो तेच हे जेरबंद, मूळचा घोड्याचा पट्टा. तंगापासून (खोगिराच्या पोटपट्ट्यापासून) पुढच्या पायांमधून येऊन लगामाला किंवा नोजबँडला बांधतात म्हणजे मान वर जात नाही. लगामाला थेट बांधलेलं मी कुणाच्याही घोड्यावर बघितलं तर सोडायला लावतो, अडखळला, मान वर करून तोल सावरायचा असला तर तो स्वतःच्याच तोंडाला हिसका देतो. कड्यांमधून रास जाते ते रनिंग मार्टिंगेल, लांब ठेवलेलं, रासेला रबरी स्टॉपर लावून, हे उडीच्या किंवा मैदानातल्या कामात ठीक. पण मान का वर जातेय ते शोधायच्या आधी मान बांधणं म्हणजे ताप का आला ते बघायचं सोडून थर्मामीटर फोडणं.

आता लगाम घालायचा कसा पहिल्यांदा. लगामावर गुळाचं घट्ट पाणी किंवा मध लावा. थंडीत सकाळी हाताच्या मुठीत धरून कोमट करा, आणि उन्हाळ्यात, आपल्याकडे सोलापूर-नगर भागात तर विशेष, उन्हात खुंटीला टांगलेला लगाम हाताला चटका देतो तो तोंडात काय करेल, पाण्यात बुडवून घ्या. दातांवर लोखंड आपटायचं नाही, अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घातला की तोंड आपोआप उघडतं. ओठाच्या कोपऱ्यावर एक, फार तर दीड सुरकुती पडेल इतका वर बसवा. लोक तीन सुरकुत्या पाडतात, घोडा सारखा हसल्यासारखा दिसतो. रास न लावता दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही जवळ थांबून, हवं तर मूठभर गवत खाऊ द्या, मग काढा. बांधून ठेवून निघून जायचं नाही, खुंटीत अडकवून ओढलं की सगळं मुसळ केरात. आठ-दहा दिवस एवढंच. चावत बसेल, जीभ फिरवेल, मग एक दिवस तोंड शांत होईल, ओठांवर पांढरा फेसाचा जरासा ठिपका दिसेल. गुलाबी फेस दिसला तर काढा आणि परत अंगठा घालून तपासा.

त्यानंतर रास दोन जोड्या. एक जोडी नाकाच्या कॅव्हेसनला, एक लगामाला. थांबवणं, वळवणं सुरुवातीला सगळं नाकाच्या रासेवर, लगामाची रास नुसती वजनापुरती लोंबती. मग हळूहळू नाकाला इशारा आणि त्याच्यामागे लगामाचा इशारा, घोडा स्वतःच जोडून घेतो. आधी हे लांब दोरांवर, म्हणजे मागे चालत, पाठीवर न बसता. दोर सात-आठ मीटरचे, हातमोजे घालून, दोर हाताला गुंडाळायचा नाही, कितीही शांत घोडा असला तरी नाही, मी बोट गेलेला माणूस बघितलाय. रस्त्याने, ओढ्यातून, ट्रॅक्टरच्या बाजूने असं हिंडवा. "हो" म्हटलं की थांबायचं, थांबली की त्याच क्षणाला हात सैल. सगळी विद्या त्या हात सैल करण्यातच आहे. ओढून कुणीही थांबवतो, ओढ सोडायची वेळ बहुतेकांना साधत नाही.

हात जड की हलका हे स्वतःला कळत नाही. घरी एक करून बघा. लगामाची दोन्ही टोकं मित्राच्या मुठीत द्या, त्याला डोळे मिटायला सांगा, तुम्ही मागे उभे राहून रास धरा आणि जागेवर चाला, पळा, वळा. तो सांगेल कधी काय जाणवलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो आणि दांडगे दांडगे पैलवान कसनुसं हसून म्हणतात, सर मी तर काहीच ओढलं नव्हतं. पाठीवर बसताना गळ्यात साधा पट्टा बांधून ठेवा आणि तोल गेला की तो धरा, रास नाही.

आणि तुमचं वजन. प्रश्नात लिहिलेलं नाहीये, पण विचारतो. तिची छाती खांद्याच्या उंचवट्यामागून, तंग बसतो तिथे, सेंटीमीटरमध्ये मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, छाती गुणिले छाती गुणिले लांबी, भागिले ११८८०, आलं वजन किलोमध्ये. १६० छाती आणि १५० लांबी असेल तर सव्वातीनशे किलोच्या आसपास. अशा कोवळ्या पाठीवर मी खोगिरासकट पन्नास-पंचावन्न किलोच्या वर जात नाही, पाठीचे मणके पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पक्के होत असतात. तुम्ही ऐंशीचे असाल तर पहिलं वर्ष गावातलं एखादं हलकं, शांत हाताचं पोरगं बसवा आणि तुम्ही खाली उभे राहून शिकवा. पाठ दुखणारा घोडासुद्धा मानच वर फेकतो. खोगीर मारवाडीच्या उंच खांद्याला घासत नाही ना, बसल्यावर मधून उजेड आरपार दिसतो का, दोन-तीन बोटं जातात का, हे दर दोन महिन्यांनी, कारण ती अंगाने भरत जाणार आणि आज बसणारं खोगीर दिवाळीला बसणार नाही.

लंजिंग करणार असाल तर कॅव्हेसनवर, लगामाला दोर लावून गोल फिरवायचं नाही. गोल मोठा, पंधरा-वीस मीटर व्यासाचा तरी, दोन्ही बाजू मिळून पंधरा-वीस मिनिटं बस, लहान गोलात सांधे जातात. साईड रेन, म्हणजे लगामापासून तंगापर्यंत बाजूने बांधायचे पट्टे, हे प्रकरण अजून दोन-तीन महिने तरी विसरा.

बाजारातून आणलेला तो लगाम तिच्या आधी किती घोड्यांच्या तोंडात गेला असेल हेही लक्षात घ्या. सामायिक लगाम आणि पाण्याच्या कुंड्यांतून नाकातोंडाचे आजार पसरतात, ग्लँडर्स तर माणसालाही होतो, म्हणून बाजारात नेताना रक्ततपासणीचा दाखला मागतात. तिचा दाखला मिळाला नसेल तर डॉक्टर दात बघायला येतील तेव्हाच रक्त द्या, एका फेरीत दोन्ही कामं होतील. येण्याच्या दिवशी सकाळी खुराक द्यायचा की नाही ते त्यांना फोनवर विचारून घ्या, गुंगी देणार असतील तर बहुतेक नकोच म्हणतील, आणि डावी बाजू आधी बघा असं आवर्जून सांगा.